ध्रुवीय प्रकाशापासून किल्लारीच्या खडकापर्यंत
चुंबकीय उपवादळे आणि मराठवाड्याचा भूगर्भ

लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसराला ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्याच्या सुमारास भूकंपाचा भीषण तडाखा बसला. सुमारे ६.२ परिमाणाच्या या भूकंपात लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील हजारो माणसे घरांच्या ढिगाऱ्याखाली दगावली. कोयनेच्या १९६७ मधील भूकंपाचा अनुभव गाठीशी असूनही मराठवाड्याचा काळ्या पाषाणाचा प्रदेश भूकंपापासून सुरक्षित आहे, असे तोपर्यंत सर्वसाधारणपणे मानले जात होते. ही समजूत त्या पहाटे कोसळली आणि आपल्या पायाखाली नेमके आहे तरी काय, हा प्रश्न शास्त्रज्ञांपासून शेतकऱ्यांपर्यंत सर्वांपुढे उभा राहिला.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी जे शास्त्रज्ञ या भागात आले, त्यांत हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेतील संशोधक होते. त्यांनी वापरलेल्या पद्धतींपैकी एकीत जमिनीत सुरुंग उडवावा लागत नाही, की यंत्राने वीज सोडावी लागत नाही. जमिनीत आपोआप वाहणारे अतिशय क्षीण विद्युत्प्रवाह मोजून खोलवरच्या खडकांची परीक्षा केली जाते. हे प्रवाह येतात कोठून? त्यांचा एक मोठा उगम पृथ्वीपासून हजारो किलोमीटर उंचीवर आहे. ज्या घडामोडींमुळे उत्तर ध्रुवाकडील आकाश हिरव्या-तांबड्या प्रकाशाने झळाळून निघते, त्याच घडामोडींचा अंश लातूरच्या जमिनीतही पोहोचतो. आकाश आणि भूगर्भ यांना जोडणारी ही साखळी समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पृथ्वीचे चुंबकीय कवच

होकायंत्राची सुई उत्तर-दक्षिण दिशेत स्थिर होते, कारण पृथ्वी हीच एक प्रचंड चुंबक आहे. तिच्या गाभ्यातील वितळलेल्या लोहाच्या हालचालींमुळे हे चुंबकत्व निर्माण होते. मराठवाड्यात या चुंबकीय क्षेत्राची तीव्रता सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला भरते. नॅनोटेस्ला हे अगदी लहान एकक असून पुढील सर्व आकडे त्यातच दिले आहेत.

सूर्य आपल्याला प्रकाश आणि उष्णता देतो, हे सर्वज्ञात आहे. त्याखेरीज त्याच्यापासून विद्युत्भारित कणांचा एक विरळ झोत सतत बाहेर पडत असतो. त्यास सौरवात म्हणतात. त्याचा वेग सामान्यतः सेकंदाला सुमारे ४०० किलोमीटर असतो आणि सूर्यापासून पृथ्वीपर्यंतचे १५ कोटी किलोमीटर अंतर तो साधारण चार दिवसांत ओलांडतो. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र या झोताला अडविते. वाहत्या ओढ्यातील खडकाभोवती जसे पाणी वळसा घेते, तसा सौरवात पृथ्वीभोवती वळसा घेऊन पुढे जातो. अशा रीतीने पृथ्वीभोवती जी पोकळी तयार होते, तिला चुंबकांबर असे नाव आहे. सूर्याकडील बाजूस त्याची सीमा पृथ्वीपासून सुमारे ६० ते ६५ हजार किलोमीटरवर असते. उलट बाजूस, म्हणजे रात्रीच्या बाजूस, ते चंद्राच्या कक्षेपलीकडे जाईल इतके लांब ताणले जाते. या भागास चुंबकांबराचे पुच्छ म्हणतात.

याच्या कितीतरी खाली, जमिनीपासून साधारणपणे ६० किलोमीटरपासून काहीशे किलोमीटर उंचीपर्यंत, वातावरणाचा एक विद्युत्वाहक थर आहे. सूर्याच्या अतिनील किरणांमुळे तेथील वायूंच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि त्यामुळे त्या विरळ हवेतून वीज वाहू शकते. हे आयनांबर होय. लघुलहरींवरील आकाशवाणी केंद्रे हजारो किलोमीटरवरून ऐकू येत, ती याच थरावरून परावर्तित होणाऱ्या लहरींमुळे.

चुंबकांबर आणि आयनांबर हे दोन वेगळे प्रदेश असले तरी ते एकमेकांपासून तुटलेले नाहीत. चुंबकीय बलरेषा हे त्यांना जोडणारे दुवे आहेत. या रेषांच्या दिशेने विद्युत्भारित कण आणि विद्युत्प्रवाह एका प्रदेशातून दुसऱ्यात ये-जा करतात. उपवादळाचे सारे नाट्य या दुव्यांवरच घडते.

उपवादळाच्या तीन अवस्था

सौरवाताबरोबर सूर्याचे चुंबकीय क्षेत्रही वाहत येते. त्याची दिशा सतत बदलत असते. ती जेव्हा दक्षिणेकडे वळते, तेव्हा पृथ्वीच्या उत्तराभिमुख क्षेत्राशी तिचा विरोध होऊन दोहोंच्या बलरेषा तुटतात आणि एकमेकींशी नव्याने जोडल्या जातात. कवचाचा दरवाजा किलकिला व्हावा तशी ही स्थिती असते. सौरवाताची ऊर्जा आत शिरू लागते आणि ती पुच्छामध्ये साठत जाते. साधारण तासभर चालणारी ही उपवादळाची पहिली म्हणजे संचयाची अवस्था होय.

विष्णुपुरीच्या बंधाऱ्यात पावसाळ्यात पाणी चढत जाते, तेव्हा खालच्या गावांना त्याची फारशी जाणीव होत नाही. दरवाजे उघडले की मात्र गोदावरीचे पात्र काही वेळातच दुथडी भरून वाहू लागते. पुच्छाच्या बाबतीत असेच काहीसे घडते. तेथील ताण एका मर्यादेपलीकडे गेला, की ताणलेल्या बलरेषा अचानक तुटून पुन्हा जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा मोकळी होते. ही दुसरी, विस्ताराची अवस्था. ती सुमारे अर्धा तास टिकते. त्यानंतर एक-दोन तासांत सर्व काही हळूहळू पूर्ववत होते. ही तिसरी अवस्था. बंधाऱ्याचा दाखला एका बाबतीत मात्र अपुरा आहे. बंधाऱ्याचे दरवाजे माणूस ठरवून उघडतो. पुच्छातील ताण नेमका कोणत्या क्षणी सुटेल, हे आधी सांगणे अजूनही अवघड आहे.

येथे चुंबकीय वादळ आणि उपवादळ यांतील भेद लक्षात घ्यावा. सूर्यावरील स्फोटाने मोठ्या प्रमाणात फेकले गेलेले द्रव्य पृथ्वीवर येऊन आदळले, की एक ते अनेक दिवस टिकणारे चुंबकीय वादळ होते आणि साऱ्या पृथ्वीवरील चुंबकीय क्षेत्र काहीसे क्षीण होते. उपवादळ दोन-तीन तासांत आटोपते. मोठे वादळ नसतानाही उपवादळे घडत असतात. वादळाच्या काळात ती एकामागून एक आणि अधिक जोराने होतात.

आकाशात दिवा कसा लागतो

पुच्छामध्ये बलरेषांची पुनर्जोडणी झाली, की तेथून आडवा वाहणारा विद्युत्प्रवाह आपला मार्ग सोडतो आणि बलरेषांच्या आधाराने ध्रुव प्रदेशातील आयनांबरात उतरतो. तेथे सुमारे १०० ते १२० किलोमीटर उंचीवरून तो पश्चिमेकडे वाहतो आणि पुन्हा बलरेषांच्या वाटेने वर जातो. अशा रीतीने पुच्छ आणि आयनांबर मिळून एक अवाढव्य विद्युत्मंडल पूर्ण होते. जोरदार उपवादळात यातून दहा लाख अँपिअरपर्यंत प्रवाह वाहू शकतो.

ज्या ठिकाणी प्रवाह वर जातो, तेथे वेगवान इलेक्ट्रॉन खाली येतात आणि विरळ हवेतील अणु-रेणूंवर आदळतात. त्या आघाताने उद्दीपित झालेले अणू मूळ स्थितीस येताना प्रकाश देतात. शाळेतील ट्यूबलाइटच्या नळीत विरळ वायूतून वीज जाऊन प्रकाश पडतो, त्यासारखीच ही क्रिया आहे. येथे नळीच्या जागी सारे आकाश असते. साधारणपणे १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजन हिरवा प्रकाश देतो, २०० किलोमीटरच्या वरील ऑक्सिजन तांबडा, आणि नायट्रोजनमुळे निळसर व गुलाबी छटा येतात. हाच ध्रुवीय प्रकाश होय. उपवादळाच्या विस्तारावस्थेत मध्यरात्रीच्या बाजूस आकाशातील शांत पट्टा एकाएकी उजळतो, ध्रुवाच्या दिशेने पसरतो आणि त्याच्या पडद्यासारख्या घड्या वेगाने पश्चिमेकडे सरकू लागतात.

ही साखळी एकाच दिशेने काम करीत नाही. खाली येणाऱ्या इलेक्ट्रॉनांमुळे आयनांबराची विद्युत्वाहकता वाढते आणि त्यामुळे वरून किती प्रवाह येऊ शकेल, हेही बदलते. शिवाय आयनांबरातील ऑक्सिजनचे आयन तापून वर चढतात आणि चुंबकांबरात मिसळतात. वरचा प्रदेश देतो आणि खालचा निमूटपणे घेतो, असे नसून दोघांचा व्यवहार परस्परांचा आहे.

शोधाची वाटचाल

ही साखळी उलगडण्यास विज्ञानाला शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. नॉर्वेचे शास्त्रज्ञ क्रिस्तियान बिर्कलँड यांनी १९०२–०३ मध्ये आर्क्टिक प्रदेशात मोहीम काढून ध्रुवीय प्रकाश आणि चुंबकीय सुईची हालचाल यांच्या एकत्रित नोंदी घेतल्या. आकाशातून बलरेषांच्या दिशेने विद्युत्प्रवाह खाली येत असले पाहिजेत, असे त्यांनी प्रतिपादन केले. हे मत अनेक दशके वादग्रस्त राहिले. १९६० आणि १९७० च्या दशकांत उपग्रहांवरील चुंबकमापकांनी असे प्रवाह प्रत्यक्ष मोजल्यावर ते मान्य झाले. दरम्यान, १९५७–५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षात उत्तरेकडील अनेक ठिकाणांहून संपूर्ण आकाशाची छायाचित्रे घेण्यात आली. त्यांचा अभ्यास करून शुन-इची आकासोफू यांनी १९६४ मध्ये ध्रुवीय प्रकाशाच्या उपवादळाचा क्रम प्रथम सुसंगतपणे मांडला.

पुच्छात प्रथम काय घडते, हा वाद पुढेही चालू राहिला. त्यासाठी अमेरिकेने २००७ मध्ये थेमिस या मोहिमेचे पाच उपग्रह एकाच वेळी सोडले. २६ फेब्रुवारी २००८ रोजीच्या एका उपवादळात बलरेषांची पुनर्जोडणी सुमारे सव्वा लाख किलोमीटर दूर आधी सुरू झाली आणि त्यानंतर सुमारे दीड मिनिटाने ध्रुवीय प्रकाश उजळला, असे या उपग्रहांच्या आणि जमिनीवरील कॅमेऱ्यांच्या नोंदींवरून दिसून आले.

कुलाबा आणि अलिबाग

या इतिहासात महाराष्ट्राचे स्थान मोठे आहे. मुंबईतील कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून चुंबकीय नोंदी घेण्यास प्रारंभ झाला. सप्टेंबर १८५९ च्या प्रारंभी जे महावादळ झाले, त्यात कुलाब्याच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने घसरला. त्या काळी वाचने डोळ्यांनी घेऊन हातांनी लिहिली जात. तरीही ती इतकी काळजीपूर्वक ठेवलेली होती, की सुमारे दीड शतकानंतर जगातील शास्त्रज्ञांनी त्या वादळाचे मोजमाप ठरविताना कुलाब्याच्या या नोंदींचाच आधार घेतला.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक डॉ. नानाभॉय फ्रामजी मूस यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदींचे विवेचन १९१० मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केले. मुंबईत विजेवरील ट्राम येणार, तिच्या प्रवाहामुळे सूक्ष्म नोंदी बिघडणार, हे ओळखून अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेऊन त्यांचा मेळ घातला गेला, त्यामुळे जुनी मालिका खंडित झाली नाही. आज अलिबागचे काम भारतीय भूचुंबकत्व संस्था पाहते. ही संस्था १९७१ मध्ये स्वायत्त झाली असून तिचे मुख्यालय नवीन पनवेल येथे आहे.

मराठवाड्याच्या दृष्टीने अलिबागला विशेष महत्त्व आहे. अलिबाग १८ अंश ३८ मिनिटे उत्तर अक्षांशावर, लातूर १८ अंश २४ मिनिटांवर, तर नांदेड १९ अंश ९ मिनिटांवर आहे. तिन्ही ठिकाणे जवळजवळ एकाच पट्ट्यात येतात. त्यामुळे आकाशातील घडामोडींचा अलिबागच्या यंत्रावर जो परिणाम उमटतो, बहुतांशी तसाच तो लातूर-नांदेडच्या जमिनीवरही होत असतो.

आपल्या अक्षांशावर काय पोहोचते

ध्रुवीय प्रकाशाचा नेहमीचा पट्टा चुंबकीय ध्रुवाभोवती, साधारण ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशावर असतो. मराठवाड्याचा चुंबकीय अक्षांश अवघा दहा अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे नांदेड-लातूरच्या आकाशात हा प्रकाश दिसण्याची अपेक्षा धरू नये. ४ फेब्रुवारी १८७२ च्या महावादळात मुंबईत ध्रुवीय प्रकाश दिसल्याची नोंद आहे. पण असे प्रसंग शतकांतून एखाद्या वेळीच येतात. १० मे २०२४ च्या रात्री दोन दशकांतील सर्वांत प्रबळ वादळ झाले, तेव्हा लडाखमधील हानले येथील भारतीय खगोलीय वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी आकाशातील तांबडी आभा टिपली. सूर्यास्तानंतर पश्चिमेस दिसणारी लाली ही मात्र धूलिकणांमुळे आणि प्रकाशाच्या विखुरण्यामुळे येते. तिचा ध्रुवीय प्रकाशाशी काही संबंध नाही.

डोळ्यांना दिसले नाही, तरी चुंबकीय सुईला मात्र कळते. आपल्याकडे मध्यरात्रीचा सुमार असताना थेट उत्तरेस सायबेरियाच्या आकाशात उपवादळ भडकले, तर अलिबागसारख्या ठिकाणी क्षेत्राचा आडवा घटक काही नॅनोटेस्लांपासून वीस-एक नॅनोटेस्लांपर्यंत किंचित वाढतो. त्याबरोबरच ४० ते १५० सेकंद आवर्तकालाची सूक्ष्म स्पंदने उमटतात. उपवादळ सुरू झाल्याची खूण म्हणून शास्त्रज्ञ या स्पंदनांकडे पाहतात.

हे बदल किती लहान आहेत, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांना गणिताने दाखवावे. आपल्याकडे क्षेत्राचा आडवा घटक सुमारे ३८ हजार नॅनोटेस्ला आहे. त्याला काटकोनात २० नॅनोटेस्लांचा बदल झाला, तर सुई अंशाच्या तिसाव्या भागाइतकीच वळेल. शाळेच्या होकायंत्रात हे दिसणे शक्य नाही. सुईला लहान आरसा चिकटवून त्यावरून परावर्तित होणारा प्रकाशाचा ठिपका एक मीटर अंतरावरील पट्टीवर पाडला, तरी तो जेमतेम एक मिलिमीटर सरकेल. आरसा आणि प्रकाशकिरण यांचीच ही युक्ती वेधशाळांच्या छायाचित्रण यंत्रांत अनेक वर्षे वापरली जात होती.

आकाशाची वीज, खडकाची परीक्षा

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. गावाच्या रोहित्रात दोन वेटोळी असतात. एका वेटोळ्यातील बदलत्या प्रवाहामुळे दुसऱ्यात प्रवाह निर्माण होतो. दोहोंचा प्रत्यक्ष स्पर्श नसतो. आयनांबर आणि चुंबकांबर यांतील बदलते प्रवाह हे पहिले वेटोळे समजले, तर पृथ्वीचा खडक हे दुसरे वेटोळे ठरते. वर चुंबकीय क्षेत्र हलले की खाली जमिनीत प्रवाह निर्माण होतो. खडक सुवाहक असेल तर एक प्रकारचा, दुर्वाहक असेल तर दुसऱ्या प्रकारचा प्रतिसाद मिळतो. जमिनीवर विद्युत्क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र एकाच वेळी मोजून त्यांच्या गुणोत्तरावरून खडकाची विद्युत् रोधकता काढतात. यासच मॅग्नेटोटेल्युरिक पद्धती म्हणतात.

विहिरीची जागा पाहण्यासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कर्मचारी जमिनीत खुंट्या ठोकून बॅटरीची वीज सोडतात आणि रोधकता मोजतात, हे अनेक ग्रामपंचायत सदस्यांनी पाहिले असेल. तत्त्व एकच आहे. फरक इतकाच, की बॅटरीच्या विजेने काही दहा किंवा शंभर-दोनशे मीटरचा अंदाज येतो. आकाशातून आलेल्या प्रवाहाने कित्येक किलोमीटर खोल पाहता येते. सेकंदाला अनेक आंदोलने असणाऱ्या जलद लहरी मुख्यतः जगभरच्या विजांच्या कडकडाटातून येतात आणि उथळ थरांची माहिती देतात. सेकंदांपासून तासांपर्यंत आवर्तकाल असणाऱ्या मंद लहरी उपवादळे व तत्सम घडामोडींतून येतात आणि खोलवर पोहोचतात. १०० ओहम-मीटर रोधकतेच्या खडकात एक सेकंद आवर्तकालाची लहर सुमारे ५ किलोमीटर, तर १०० सेकंद आवर्तकालाची लहर सुमारे ५० किलोमीटर खोल शिरते.

किल्लारी येथे घेतलेल्या छिद्रावरून काळ्या पाषाणाचा थर सुमारे ३४० मीटर जाड असून त्याखाली अतिप्राचीन कठीण खडक असल्याचे आढळले. छिद्र काहीशे मीटरवर थांबले. त्याखालचे चित्र मॅग्नेटोटेल्युरिक पाहणीने पुरविले. भूकंपक्षेत्राखाली काही किलोमीटर खोलीवर आजूबाजूच्या खडकापेक्षा अधिक सुवाहक असा भाग आढळला. कोरडा कठीण खडक विजेचा दुर्वाहक असतो. तेव्हा तेथील खडक भंगलेला असून त्याच्या फटींत पाण्यासारखे द्रव असावेत, असा अर्थ हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी लावला. असे द्रव खडकाची बळकटी कमी करतात आणि साठलेल्या ताणाला वाट मोकळी होण्यास साहाय्यभूत ठरतात. वरून अखंड व कणखर वाटणाऱ्या पठाराखाली अशक्त भाग असू शकतात, हा या अभ्यासाचा धडा आहे.

गैरसमजांना थारा नको

या माहितीवरून दोन चुकीचे निष्कर्ष काढले जाण्याचा संभव आहे. पहिला, चुंबकीय वादळांमुळे भूकंप होतात. असा संबंध सिद्ध झालेला नाही. भूकंपाची ऊर्जा खडकात दीर्घकाळ साठलेल्या ताणातून येते; आकाशातील प्रवाह त्या खडकावर केवळ क्षीण प्रकाश टाकतात, असे म्हणता येईल. हिंगोली जिल्ह्यात २१ मार्च आणि १० जुलै २०२४ रोजी सुमारे ४.५ परिमाणाचे धक्के बसले आणि ते नांदेडपर्यंत जाणवले. मे महिन्यातील वादळ या दोहोंच्या मध्ये आले. केवळ तारखा जवळ आहेत म्हणून कार्यकारण जोडू लागलो, तर मार्चमधील धक्क्याचे कारण त्याच्यानंतर येणाऱ्या वादळात शोधावे लागेल.

दुसरा चुकीचा निष्कर्ष म्हणजे, भूगर्भ पाहता येतो तेव्हा भूकंपाचे भाकीतही करता येईल. अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक परिमाणाचा भूकंप होईल, असे सांगणारी कोणतीही विश्वसनीय पद्धत जगात उपलब्ध नाही. मॅग्नेटोटेल्युरिक पाहणी अशक्त भाग कोठे आहेत, ते सांगू शकते. तो कधी हलेल, हे सांगू शकत नाही. म्हणून तारीख-वार देऊन पसरविल्या जाणाऱ्या अफवांवर विश्वास ठेवू नये. किल्लारीत मृत्यूचे मोठे कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवरील माळवदाचा भार हे होते. पाया, जोते, छज्जा व छत या पातळ्यांवर भिंतींना सलग पट्ट्यांनी बांधणे आणि छताचे वजन कमी राखणे, हे कोणत्याही भाकितापेक्षा अधिक खात्रीचे संरक्षण आहे.

प्रशासनाने लक्षात घेण्याच्या बाबी

उपवादळांचा उपद्रव मुख्यतः उत्तरेकडील देशांना होतो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांतात जमिनीतील अशाच प्रवाहांमुळे वीजपुरवठ्याचे संपूर्ण जाळे सुमारे दीड मिनिटात कोलमडले आणि जवळजवळ साठ लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. आपल्या अक्षांशावर हा धोका पुष्कळ कमी आहे. मात्र मोठ्या वादळाच्या काळात आयनांबर विस्कळीत झाल्याने उपग्रहाधारित स्थाननिश्चितीत चूक वाढू शकते. गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी, रस्त्यांची आखणी किंवा शेतांच्या हद्दी यांसाठी अशी साधने वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांनी त्या दिवशीची वाचने पुन्हा तपासून घेणे इष्ट ठरते. सूर्य व पृथ्वी यांच्या दरम्यान १५ लाख किलोमीटरवरून भारताचे आदित्य एल-१ हे यान जानेवारी २०२४ पासून सौरवातावर लक्ष ठेवून आहे. तेथून पृथ्वीपर्यंत येण्यास सौरवाताला अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत वेळ लागतो. तेवढी आगाऊ सूचना त्यावरून मिळू शकते.

भूगर्भाच्या पाहणीसाठी संशोधकांची तुकडी गावात येते, तेव्हा ग्रामपंचायतीचे सहकार्य फार मोलाचे असते. या पाहणीत शेतात काही दहा मीटरांच्या अंतरावर विद्युत्अग्रे ओल्या मातीत पुरतात, तारा अंथरतात आणि चुंबकीय वेटोळी जमिनीखाली ठेवतात. ही यंत्रे अनेक तास, कधी काही दिवसही, तशीच ठेवावी लागतात. मोजावयाचे संकेत इतके सूक्ष्म असतात, की जवळचा कृषिपंप, कुंपणातील झटका यंत्र किंवा शेजारून गेलेला ट्रॅक्टरदेखील नोंद बिघडवू शकतो. तार तुडविली गेली किंवा कुतूहलापोटी अग्र उपटले गेले, तर सबंध रात्रीचे काम वाया जाते. रात्री वस्तीपासून दूर यंत्रे मांडून बसलेली माणसे पाहून गुप्तधनाच्या किंवा खाणीच्या वावड्या उठण्याचाही संभव असतो. सरपंच आणि ग्रामसेवक यांनी तुकडीची ओळखपत्रे व परवानगी पाहून घ्यावी, पाहणीचा हेतू आधी दवंडीने किंवा ग्रामसभेत सांगावा आणि शक्य असेल तेथे त्या काही तासांपुरते जवळचे पंप बंद ठेवण्याची शेतकऱ्यांना विनंती करावी.

माध्यमिक शाळांतील शिक्षकांना या विषयातून भूगोल आणि पदार्थविज्ञान एकत्र शिकविण्याची चांगली संधी आहे. अलिबागच्या वेधशाळेचा इतिहास, रोहित्राचे तत्त्व, होकायंत्राच्या सुईचे गणित आणि आपल्या तालुक्यातील खडकांचे नमुने एवढ्या सामग्रीवर दोन-तीन तासिका सहज घेता येतील. नांदेड शहराच्या काही भागांत २००७ च्या सुमारास जमिनीतून गडगडाट ऐकू येऊन सौम्य धक्के बसू लागले, तेव्हा नागरिकांत मोठी घबराट पसरली होती. अशा वेळी घरातील मोठी माणसे जे प्रश्न विचारतात, त्यांना शांतपणे व आधारासह उत्तर देऊ शकणारा विद्यार्थी प्रत्येक गावात असेल, तर अफवा फार दूर जाणार नाहीत. त्यासाठी धड्याची तयारी धक्का बसण्याच्या आधीच झालेली असावी.